फोर्डचा वाजवी भाव

घरात घासाघीस करायची नाही, बाहेरचा माणूस आणा आणि तो सांगेल तो भाव धरा, असं बाबांनी वकिलाकडून लिहून घेतलं होतं हे खरं. पण बाहेरच्या माणसाला फोन लावला तो वरदानं. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय तिला राहिली नाही.

शनिवारी सकाळी साडेदहाला नॉटिंगहॅमजवळ बीस्टनच्या घरातल्या गॅरेजचं दार वर गेलं. आत पंचावन्न सालची फोर्ड पॉप्युलर उभी होती. छप्पर चार इंच कापून खाली बसवलेलं, मागची चाकं पुढच्यांच्या दुप्पट रुंद, वांगी रंग आता पार विटलेला. सत्तरच्या दशकात कुणा हौशी माणसानं तिची हॉट रॉड केली होती, म्हणजे म्हाताऱ्या मोटारीत दांडगं इंजिन घालून तिला रस्त्यावर उधळायला सोडलं होतं. आता बॉनेट नव्हतं आणि इंजिनही नव्हतं. पुढे नुसतं खिंडार होतं.

बाबांनी ती डर्बीजवळच्या एका म्हाताऱ्याकडून घेतली तेव्हा वरदाचा धाकटा भाऊ मिहीर चौदा वर्षांचा होता. नॉटिंगहॅमात हाडांचे डॉक्टर म्हणून नाव कमावलेले बाबा, म्हणजे श्रीनिवास, रविवारी हाताला ग्रीस लावून घ्यायचे आणि पोरगा त्यांना पाने हातात द्यायचा. सहा वर्षं बापलेकांनी दुसरं काही केलं नाही. मग मिहीरनं लीड्सचं मेडिकल दुसऱ्या वर्षी सोडलं, आणि त्याच आठवड्यात बाबांनी इंजिन विकून टाकलं. मिहीर ग्लासगोला जाऊन जुन्या गाड्या दुरुस्त करायला लागला. लग्नाकार्याला यायचा, बाबांना ‘हॅलो’ म्हणायचा, निघताना ‘बाय’ म्हणायचा. चोवीस वर्षं एवढंच.

एप्रिलमध्ये बाबांना स्ट्रोक झाला. उजवी बाजू गेली, भाषा गेली, आणि पाच-सहा शब्द तेवढे उरले. त्यातला पहिला शब्द ‘गाडी’ होता आणि दुसरा ‘मिहीर’. वरदा तेव्हा खाटेशेजारीच होती. सात वर्षं दर शुक्रवारी लीड्समधला आपला दवाखाना संपवून एम-वन मोटरवेवरून धावत येणारी, गोळ्यांचे डबे भरणारी, केअररच्या पाळ्या लावणारी मुलगी. तिचं नाव त्या पाच-सहांत नव्हतं. असो. असो म्हणायचं आणि गिळायचं, हे तिला जमायला लागलं होतं.

ऑगस्टमध्ये बाबांनी वकिलासमोर होय-नाही अशी मान हलवत कागद करवला. गाडी मिहीरला, पण फुकट नाही. वाजवी किंमत त्याच्या वाट्यातून वळती करायची. मिहीरनं ग्लासगोत इंजिन मिळवून ठेवलं होतं. तीन आठवड्यांत बसवतो म्हणाला, आणि बाबांना एकदा वोलाटन पार्कपर्यंत नेऊन आणतो. हे ऐकून बाबा रडले होते. हृदयाच्या डॉक्टरांनी वरदाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ख्रिसमस धरून चालू नका. आणि आता नोव्हेंबर लागला होता.

एवढं सगळं सरळ असताना घोडं अडलं ते किमतीवर.

“पाच हजार पौंड,” मिहीर फोनवर म्हणाला होता.

“पाच? मी ऑनलाइन बघितलं. चालू गाडी पंधराला जाते. इंजिन तीनला येतं. पंधरातून तीन गेले बारा.”

“ताई, असा नसतो. गाडी काय भाजी आहे, की देठ काढला आणि वजन केला?”

“तू त्याच धंद्यात आहेस. तू कमीच सांगणार.”

आई, म्हणजे सुप्रभाबाई, स्पीकरवर सगळं ऐकत होत्या. “दे ना गं त्याला. धाकटा आहे.”

“धाकटा चव्वेचाळीस वर्षांचा आहे, आई.”

आणि मग तिनं जुन्या गाड्यांची किंमत ठरवून देणाऱ्या ट्रेव्हर हॅलमला फोन केला. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

ट्रेव्हर सत्तरीचा, तपकिरी डगला घातलेला, बोलायला गोड गृहस्थ निघाला. वरदाला, म्हणजे पन्नाशीच्या डॉक्टरीणबाईंना, त्यानं पहिल्या मिनिटाला ‘मी डक’, म्हणजे ‘माझ्या बदका’, म्हटलं; तिकडे कुणालाही लाडानं असंच म्हणतात. आईनं आल्या आल्या त्याला चहा विचारला, त्यानं नंतर म्हटलं, आणि आई बाबांचं औषध द्यायला आत गेली.

मिहीर पहाटेच ग्लासगोहून निघून आला होता. दाराशी हात बांधून उभा राहिला. बहीण-भावात तीन हात अंतर होतं, आणि ते दोघांनीही मोजून ठेवल्यासारखं राखलं.

ट्रेव्हरनं खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारांवरून, मडगार्डांवरून फिरवलं. जिथे चिकटलं नाही तिथे खडूनं फुली मारली.

“फुली म्हणजे तिथे पत्रा नाही, लांबी भरलेली आहे, putty,” मिहीरनं हळू आवाजात सांगितलं. त्याला न सांगणं जमेना. “तीनच आहे. ते छान आहे.”

मग ट्रेव्हर खाली आडवा झाला, टॉर्च मारून अर्धा तास ठोकत राहिला. वर येऊन गुडघे झाडत म्हणाला, “ह्या बाईंना बारा वाटतात ना? सगळ्यांना तसंच वाटतं. चालू गाडीतून इंजिनाचे पैसे वजा करायचे. पण इंजिन नाही म्हणजे गिअरबॉक्स चालतो का ते कळत नाही, गाडी सरळ पळते का ते कळत नाही. घेणारा माणूस लोखंड नाही हो घेत, आपली शंका विकत घेतो. त्या शंकेचे आणखी पाच कापा.”

वरदानं मिहीरकडे बघितलं नाही.

“पण पाच हजारही नाही,” ट्रेव्हर त्याच्याकडे वळला. “पत्रा अस्सल आहे. छप्पर कापणारा कारागीर होता. तुमच्या वडिलांनी फोटो ठेवलेत, पावत्या ठेवल्यात, नोंदणीचं लॉगबुक आहे. सात. साडेसात म्हणालात तर भांडणार नाही.”

“सात चालेल,” मिहीर म्हणाला. “साडेसात पण चालेल. ताई?”

“चालेल,” वरदा म्हणाली. कित्येक महिन्यांनी तिला श्वास मोकळा वाटला. तोही चोर नव्हता आणि तीही मूर्ख नव्हती. दोघं थोडे थोडे चुकले होते, आणि एवढं तर कुठल्याही घरात चालतं. मिहीर हसला. हसला की तो अजूनही चौदा वर्षांचा दिसतो हे ती विसरलीच होती.

“चासी नंबर तेवढा बघतो आणि सही करतो,” ट्रेव्हर म्हणाला. “लॉगबुकातला नंबर आणि गाडीवरचा नंबर एक पाहिजे. कुठेय?”

“इथे.” मिहीर खिंडारात वाकला. इंजिनाच्या जागेशेजारून जाणाऱ्या लोखंडी पट्टीवर त्यानं बोट ठेवलं आणि तिथेच थांबला.

“हे काय, डक?” ट्रेव्हरनं टॉर्च धरला. “सॉस सांडलाय?”

पट्टीवर लाल-काळी, बोटभर जाड खपली होती. वर दसऱ्याची वाळकी शेवंती आणि कापलेल्या लिंबाच्या दोन फोडी, आक्रसून चामड्यासारख्या झालेल्या. त्या यंदाच्या. त्यांच्याखाली गेल्या वर्षीच्या, आणि त्याखाली आणखी कधीच्या कोण जाणे.

वरदानं त्या फोडी लगेच ओळखल्या.

तिला माहीत होतं ना! दरवर्षी फोनवर ऐकत आली होती. खंडेनवमीला आई घरातली सगळी आयुधं काढायची. बाबांचा स्टेथोस्कोप, आपलं शिवणयंत्र, बाहेरच्या दोन मोटारी. बाहेरच्यांवरचं हळद-कुंकू नॉटिंगहॅमच्या पावसानं दुसऱ्या दिवशी धुऊन जायचं. “आणि मिहीरच्या गाडीचीही केली हो,” असं आई शेवटी सांगायची. “लिंबू कापून ठेवलं, दृष्ट लागू नये म्हणून. त्याच्या गाडीवरचं मला पुसवत नाही गं. राहू देते.” वरदा तेव्हा “हो, हो” म्हणत दुसऱ्या हातानं पेशंटची पत्रं बघत असायची.

ट्रेव्हरनं नखानं खपली उचलली. तिच्याबरोबर लोखंडाचा पापुद्राच हातात आला. मग दुसरा, मग तिसरा. त्यानं स्क्रूड्रायव्हर काढून जरा दाबला, आणि तो पट्टीतून आरपार गेला.

ट्रेव्हरनं तो हळूच बाहेर ओढला.

“आईला नंबर इथे मीच दाखवला होता,” मिहीर म्हणाला. “मी चौदाचा होतो. सगळा रंग घासून काढला, नंबर चमकवला. आईला बोलावून म्हटलं, आई, plate वगैरे नुसता कपडे असतात, हे गाडीचा खरा नाव आहे.” त्यानं तोंडावर हात ठेवला. “Bare metal, वर दरवर्षी लिंबूचा acid. रंग परत लावलाच नाही मी.”

आईनं मग कुंकू त्या नावालाच लावलं. दुसरीकडे कशाला लावेल ती?

“लॉगबुक आहे, पण हीच ती गाडी हे दाखवायला काही राहिलं नाही,” ट्रेव्हर सावकाश म्हणाला. त्याला ही बातमी द्यायला आवडत नव्हती. “गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीला लिहा. जुन्या फोर्डवाल्यांच्या क्लबचं पत्र घ्या, तपासणी करून घ्या. होतंही कधी कधी. वर्ष धरा.”

“वर्ष,” वरदा म्हणाली.

“आजच्या घडीला ती गाडी नाही, सुटे भाग आहेत. दोन हजार. तेही मी हात जरा सैल सोडून सांगतोय.”

वरदानं भावाचा दंड धरला आणि त्याला कोपऱ्यात नेलं. आयुष्यात एकदाही पार्किंगचा दंड न भरलेल्या ह्या बाईनं पुढचं वाक्य कसं उच्चारलं, हे तिचं तिलाच नंतर कळेना. “नंबर कागदावर आहे ना? मग ठोक. तुझ्याकडे ठोकायची हत्यारं असतील. कोण बघतंय? तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे.”

“ताई, ते forgery आहे.”

“मी डॉक्टर आहे, मला सांगू नकोस काय काय लपवता येतं! तुला बाबांना न्यायचंय की नाही?”

“कशावर ठोकू?” मिहीर एवढ्या जोरात म्हणाला की ट्रेव्हरनं शहाण्यासारखं बाहेर जाऊन आकाशाकडे बघायला सुरुवात केली. “कशावर ठोकू, सांग ना! लोखंड आहे का तिथे? त्याच पट्टीवर engine बसतो. मी engine ठेवला तर खाली पडेल, रस्त्यावर सोड, इथे गॅरेजमध्ये पण चालू नाही करता येणार. सगळा चासी नवीन करायला पाहिजे. चार महिने. पाच. बाबांकडे पाच महिने आहेत?”

हा प्रश्न तिलाच विचारायला हवा होता, कारण ह्या घरात त्याचं उत्तर तिलाच माहीत होतं. तिनं भावाचा दंड सोडला, आणि मिहीरनं ते उत्तर समजून घेतलं.

ट्रेव्हरनं फी घेतली नाही. कागदावर दोन हजार लिहून सही केली, वरदाच्या खांद्यावर थोपटलं, “सॉरी, डक” म्हणाला आणि व्हॅन घेऊन गेला. तिला वाटलं, मी पाचला हो म्हटलं असतं तर? त्यानं काय झालं असतं? इंजिन आणून बसवताना मिहीरला हेच दिसलं असतं. पण एकट्याला दिसलं असतं, आणि निदान मधले तीन आठवडे बाबांची आशा टिकली असती. तिच्या हिशेबी स्वभावानं तेवढेही खाल्ले.

“आईला सांगायचं नाही,” मिहीर म्हणाला.

“वेडा आहेस का? मुळीच नाही.”

“काय सांगायचं मग?”

“इंजिन नाही म्हणून भाव पडला. तेवढंच.”

त्यानं मान हलवली. मघाचा भाव सोडला तर गेल्या चोवीस वर्षांत दोघांचं एका वाक्यावर एकमत झालं ते हे, आणि ते खोटं होतं. मिहीरनं फडक्यानं त्या फोडी, फुलं, खपल्या गोळा केल्या आणि खिशात कोंबल्या. कचऱ्यात टाकवेनात त्याला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूनं आई आली. चौऱ्याहत्तरीची, गुडघ्यांनी त्रासलेली, कार्डिगनच्या बाह्या वर सारलेली. “गेला पण तो? चहा टाकला होता मी. किती म्हणाला?”

“दोन हजार,” वरदा म्हणाली.

“दोन? अगं, हा पाच म्हणत होता! मेल्यानं डोळे उघडून बघितलं का नाही?”

“Engine नाही ना, आई,” मिहीर म्हणाला.

“इंजिन नसलं की फारच पडतो भाव,” वरदानं लगेच री ओढली. “आणि मिहीर म्हणतो, नवीन बसवायचं तर पुष्कळ काम निघालंय. इतकी वर्षं रिकामी राहिल्यामुळे. ते... एवढ्यात नाही व्हायचं.”

आई दाराच्या पायरीवर बसली. बसताना कण्हायची सवय होती, तीही विसरली.

“म्हणजे इंजिन विकलं नसतं तर ही वेळ आली नसती.”

“आई, जाऊ दे ना ते. बाबांनी विकलं, झालं. मी पण आता...”

“ह्यांनी नाही विकलं.”

मिहीर तिच्याकडे बघत राहिला.

“म्हणजे विकलं ह्यांनीच, पण मी विकायला लावलं,” आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, वाण्याची यादी सांगतात तसा. “हे नको नको म्हणत होते. म्हणाले, पोराचा जीव आहे त्यात. मी म्हटलं, म्हणूनच. ते गेलं की येईल ताळ्यावर, जाईल मुकाट कॉलेजला. दोन दिवस जेवले नाही मी. तिसऱ्या दिवशी फोन केला ह्यांनी, माणूस येऊन घेऊन गेला. तू संध्याकाळी आलास, काय काय बोललास त्यांना. मी सांगायला उठले होते रे. ह्यांनी माझा हात धरून खाली बसवलं. नंतर म्हणाले, तुझं नाव काढायचं नाही. त्याला दोघांपैकी एकजण तरी लागेल.”

गॅरेजात नोव्हेंबरचा गारठा होता. मिहीर मडगार्डाला टेकला.

“चोवीस वर्षं मी त्यांना...” तो म्हणाला. बाबांचा वरदाला इतका राग आणि इतकी माया एकदम कधी आली नव्हती.

“मी लागले तुला,” आई म्हणाली. “दर रविवारी फोन करायचास मला. मला बरं वाटायचं आणि लाजही वाटायची. मग काय करायचं? वर्षातून एक दिवस तुझ्या गाडीपुढे उभी राहायचे आणि म्हणायचे, देवा, माझी चूक त्याच्या गाडीला बाधू देऊ नकोस.” तिनं मिहीरकडे मान वर करून बघितलं. “आता खरं सांग. इंजिन असतं तर नेलं असतंस ना ह्यांना? इंजिनामुळेच अडलंय ना सगळं?”

वरदाचा हात आपोआप पुढे झाला, भावाला थांबवायला की बोल म्हणायला, ते तिलाही कळलं नाही. ‘हो’ म्हटलं तर ते विकलेलं इंजिन आईच्या माथी कायमचं बसणार होतं. ‘नाही’ म्हटलं तर ती विचारणार, मग कशामुळे? इंजिनाचं ओझं ती चोवीस वर्षं वाहत होती, सवयीचं झालं होतं. पण त्या चोवीस वर्षांत देवाला हात जोडून जे मागितलं, त्यानंच घात केला हे कळल्यावर ह्या बाईनं उद्या सकाळी देवापुढे दिवा कसा लावायचा? काय भयंकर निवड होती. आणि ती करायची वेळ घरातल्या सगळ्यांत हळव्या माणसावर आली होती.

मिहीरनं खिशात हात घातला आणि आतला फडक्याचा बोळा मुठीत धरून ठेवला.

“हो, आई,” तो म्हणाला. “इंजिनामुळेच.”

आईनं मान डोलावली. निकाल अपेक्षेप्रमाणे लागला, असं ते डोलावणं होतं. मग दाराच्या चौकटीला धरून उठली आणि पदर नसलेल्या खांद्यावरून उगाच हात फिरवला.

“मग आत जाऊन तूच सांग त्यांना,” ती म्हणाली. “मला नाही जमायचं. गाडीचा माणूस येणार हे कळल्यापासून बाहेरचे बूट घालून बसलेत. मला नाड्या बांधायला लावल्या. औषधं दिली तेव्हा काढू म्हटलं, तर हात झटकला माझा.”

मिहीर आत गेला. वरदा त्याच्या मागोमाग गेली, पण पुढच्या खोलीच्या दाराशीच थांबली.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. अंगात कोट, गळ्यात मफलर, पायात पॉलिश केलेले काळे बूट. मिहीरला बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला, आणि चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर उठायच्या बेतात टेकला.

मिहीर त्यांच्यापुढे जमिनीवर बसला, डावा बूट मांडीवर घेतला आणि नाडीची गाठ सोडायला लागला.

बाबांनी त्याच्या डोक्याकडे बघितलं. मग खिडकीबाहेर गॅरेजच्या उघड्या दाराकडे बघितलं, बराच वेळ. मग पुन्हा त्याच्याकडे. आणि सावकाश, आहे ती सगळी ताकद लावून, त्यांनी पाय मागे ओढून घेतला.